कारखान्यातील रसायने, वायू आणि परमिट: गोव्यातील कामगार, कारखानदार व शेजाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेर्णा, कुंडई, कुंकळ्ळी, डिचोली, पिळर्ण अशा औद्योगिक वसाहतींत सुरक्षेचे वर्ग घेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची ही उत्तरे. काही प्रश्न कामगारांचे आहेत, काही छोट्या कारखानदारांचे, तर काही वसाहतीला लागून असलेल्या वाड्यांवरच्या लोकांचे. टाकीत उतरण्याबद्दलचे आणि परमिटबद्दलचे (धोक्याच्या कामाआधी सही होणारा कागद) उत्तर मुद्दाम लांब ठेवले आहे. वेळ कमी असेल तर तेवढी दोन आधी वाचा.

आमच्याकडे हेल्मेट, बूट, गॉगल, हातमोजे सगळे आहे. आणखी काय हवे?

हेल्मेट वरून पडणाऱ्या पान्यापासून वाचवते. फुटलेल्या पाइपातून सुटलेल्या अमोनियापासून किंवा सॉल्व्हंटच्या (विरघळवण्यासाठी वापरायच्या ज्वलनशील द्रवाच्या) वाफेच्या भडक्यापासून ते वाचवत नाही. रसायन, वायू किंवा वाफ टाकीच्या आणि पाइपाच्या आतच, ठरलेल्या तापमानाला आणि ठरलेल्या दाबाला राहील याची काळजी घेणे म्हणजे प्रक्रिया सुरक्षा. ती सुटली की एक माणूस जखमी होऊन थांबत नाही. सगळी शिफ्ट, कधी कधी सगळा गाव सापडतो.

फाटकावर ‘अपघाताशिवाय इतके दिवस’ असा फलक असतो. त्यावरचा आकडा कितीही मोठा असला तरी सेफ्टी व्हॉल्व्ह जाम झालेला नाही ना, हे तो सांगत नाही. त्यामुळे कारखान्यात गेल्यावर मी तीन गोष्टी विचारतो. सेफ्टी व्हॉल्व्हची शेवटची चाचणी कधी झाली? कोणता अलार्म ‘सारखा वाजतो’ म्हणून बंद करून ठेवला आहे? आणि कोणता इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी व्यवस्था) सध्या बायपासवर, म्हणजे वगळून ठेवलेला आहे? या तिन्हींची उत्तरे पर्यवेक्षकाला न अडखळता देता आली, तर तो कारखाना बऱ्या स्थितीत आहे असे समजावे.

गोवा म्हणजे पर्यटन. इथे एवढा रासायनिक धोका आहे तरी कुठे?

आहे, आणि तो लोकवस्तीला खेटून आहे. झुआरीनगरचा खत कारखाना १९७० च्या दशकापासून आहे. त्याला लागणारा अमोनिया मुरगाव बंदरातून टँकरने रस्त्यावरून जातो. जानेवारी २०१८ मध्ये असाच एक टँकर पहाटेच्या अंधारात चिखलीजवळ उलटला, वायू सुटला आणि आसपासच्या लोकांना झोपेतून उठवून हलवावे लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्था भरलेले ‘नु शी नलिनी’ हे जहाज मुरगावहून भरकटत दोनापावलाजवळ येऊन खडकावर रुतले. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्ण वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्याला आग लागली. ती दुसऱ्या दिवशीही धुमसत होती, काळा धूर बार्देशच्या गावांवर पसरला आणि जवळच्या रहिवाशांना घरे सोडायला सांगावे लागले.

ही झाली बातमीत आलेली नावे. बातमीत न येणारी यादी याहून लांब आहे. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत पिंपे भरभरून आयसोप्रोपिल अल्कोहोल, ॲसिटोन असते. कुटबण, मालीमसारख्या मासळी जेटींच्या आसऱ्याने चालणारे बर्फाचे कारखाने आणि मासळीची शीतगृहे अमोनियावर चालतात. दारू गाळण्याच्या आणि बाटलीत भरण्याच्या कारखान्यांत स्पिरिट असते. झुआरी आणि मांडवीच्या काठाने बार्जी (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी) दुरुस्त करणारे यार्ड आहेत. मोठ्या कारखान्याकडे निदान स्वतःचा बंब असतो. मला जास्त घोर लागतो तो वीस-पंचवीस माणसांच्या, एकाच शेडमध्ये सगळे कोंबलेल्या कारखान्यांचा.

बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा वास नेहमीच येतो. तो येतो म्हणजे धोका असतोच का?

वास येतो म्हणजे कुठेतरी गळते आहे. ग्लँड (दांड्याभोवतीचे सील), फ्लँज (पाइपाचा बोल्टने जोडलेला सांधा), ऑइल ड्रेनचा व्हॉल्व्ह, काहीतरी. अमोनियाचा वास हवेत अगदी थोडे पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांतले भाग) असतानाच कळतो. आठ तासांच्या कामासाठी साधारण २५ पीपीएम ही मर्यादा धरतात आणि ३०० पीपीएमला जिवावर बेतू शकते. म्हणजे नाक आपल्याला बराच आधी इशारा देते. अडचण अशी की रोज त्याच वासात काम करणाऱ्याला तो जाणवेनासा होतो. ‘आम्हाला सवय आहे’ असे ऑपरेटर अभिमानाने सांगतात, तेव्हा गळती वाढलेली त्यांना कळणार नाही हे त्यांच्या लक्षात आलेले नसते. भिंतीवर डिटेक्टर हवा तो याच कारणासाठी.

आणखी दोन गोष्टी. अमोनिया हवेपेक्षा हलका आहे हे पुस्तकात खरे आहे, पण द्रव अमोनिया उणे ३३ अंशाला उकळतो. तो बाहेर सुटला की थंडगार पांढरा ढग होतो आणि जमिनीलगत सरकतो. तो वर निघून जाईल या भरवशावर उभे राहू नका. शिवाय हवेत १५ ते २८ टक्के असेल तर तो पेटतो, म्हणून बंद मशिनरूममध्ये मोठी गळती असताना आत जाऊन दिव्याचे किंवा पंख्याचे बटण दाबायचे नाही. पंख्याचे बटण बाहेर असायला हवे. सांडलेल्या द्रव अमोनियावर थेट पाणी मारू नका, त्याने वाफ उलट वाढते. पाण्याचा फवारा मारायचा तो वाऱ्यासोबत पुढे सरकणाऱ्या ढगावर.

डोळ्यांत गेला तर किमान पंधरा मिनिटे पाण्याने धुवत राहणे, हाच पहिला उपचार. रुग्णवाहिका त्यानंतर. आयवॉशच्या नळाला आज पाणी येते का, हे आजच बघून ठेवा.

टाकी रिकामी आहे, दोन मिनिटांचे काम आहे. उतरलो तर काय होईल?

दोन मिनिटांत मरण येते. बंद जागेतल्या अपघातांत काम मोठे असतेच असे नाही. कोणीतरी पडलेला पाना काढायला उतरतो, कोणी गाळ किती राहिला ते बघायला वाकतो.

आपण श्वासात घेतो त्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. १९.५ च्या खाली गेला की आत जायचे नाही, हा नियम. सहा टक्क्यांच्या आसपास माणूस दोन-चार श्वासांत शुद्ध हरपतो. त्याला गुदमरल्यासारखे वाटतसुद्धा नाही, म्हणून तो ओरडत नाही. औषध कारखान्यात रिॲक्टरवर (ज्यात रसायनांची अभिक्रिया होते त्या बंद भांड्यावर) नायट्रोजन सोडलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही. मॅनहोल उघडून नुसते डोके आत घातले तरी पुरते.

गोव्यात दोन ठिकाणे अशी आहेत जिथे लोकांना धोका असेल असे वाटतच नाही. पहिले ठिकाण बार्जीची टाकी. त्यात रसायन कधीच नव्हते, मग भीती कसली, असे यार्डमध्ये विचारतात. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खाते. झाकण लावून महिनोन् महिने बंद राहिलेल्या टाकीत ऑक्सिजन उरत नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्यावर कितीतरी बार्जी वर्षानुवर्षे नदीकाठाला बांधून पडल्या होत्या. त्यांची बंद खोकी उघडताना हे लक्षात ठेवायला हवे. दुसरे ठिकाण मासळी प्रक्रिया कारखान्याची सांडपाण्याची टाकी आणि ट्रॉलरचा मासळीचा कप्पा. मासळी कुजली की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, पण शंभर पीपीएमच्या वर गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस खाली उतरतो.

आणि मग सगळ्यांत वाईट घडते. खाली पडलेला आपला सोबती दिसतो, वर उभा असलेला माणूस दोर किंवा मास्क शोधत बसत नाही, तसाच उडी घेतो. त्याच्यामागे तिसरा. अशा घटनांत मरणाऱ्यांत वाचवायला गेलेले कितीतरी असतात आणि ते बहुधा सगळ्यांत धाडसी, सगळ्यांत मायाळू असतात. म्हणून वर उभ्या असलेल्या माणसाला काम सुरू होण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगायचे: काहीही झाले तरी तू आत उतरायचे नाहीस. तुझे काम दोर ओढणे, आरडाओरडा करणे आणि मदत बोलावणे.

जुन्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्ये हेच लिहिले आहे. सक्षम व्यक्तीने वायू तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र आणि कमरेला पट्टा असावा, त्या पट्ट्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. आत न्यायचा दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नसावा, असे ३६-अ सांगते. त्याला जोडून व्यवहारातले सांगतो. पाइप नुसता व्हॉल्व्हने बंद करू नका, व्हॉल्व्ह गळतात. फ्लँजमध्ये ब्लाइंड (भरीव चकती) घाला किंवा पाइपाचा तुकडा काढून ठेवा. ढवळणीच्या मोटारीला कुलूप लावा आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात ठेवा. वायू वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी तपासा. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासा.

रिकाम्या पिंपावर किंवा टाकीवर वेल्डिंग करण्यात काय हरकत?

भरलेले पिंप जळते, रिकामे पिंप फुटते. तळाशी राहिलेले पेलाभर सॉल्व्हंट संपूर्ण पिंप पेटत्या वाफेने भरायला पुरते. वेल्डिंग बाहेरच्या बाजूने असले तरी पत्र्यातून उष्णता आत जाते आणि घट्ट चिकटलेल्या गाळातून पुन्हा वाफ सुटते. सकाळी मीटरने शून्य दाखवले आणि अकराला स्फोट झाला, तो असा. आधी वाफेने किंवा पाण्याने धुणे, मग वायुतपासणी, आणि काम चालू असेपर्यंत मीटर जागेवरच चालू. ठिणगी दहा-अकरा मीटरपर्यंत उडते हे धरून आजूबाजूचे ड्रेन, गटाराची झाकणे ओल्या ब्लँकेटने झाका. काम संपल्यावर निदान अर्धा तास एक माणूस तिथे बसवा.

परमिट तर रोजच सही करून मिळते. मग त्याचा उपयोग काय?

तुमच्या प्रश्नातच दुखणे आहे. एका वसाहतीतल्या कारखान्यात परमिटची फाइल चाळत होतो. महिनाभराच्या प्रत्येक कागदावर ऑक्सिजन २०.९, ज्वलनशील वायू शून्य, वेळ सकाळी नऊ. पाच वेगवेगळ्या शेडमधली कामे, तपासणारा माणूस एक आणि वेळ सगळीकडे तीच. मीटरची बॅटरी मात्र केव्हाच संपलेली होती.

परमिट म्हणजे परवानगीची चिठ्ठी नव्हे. प्लांट ज्याच्या ताब्यात आहे तो आणि काम करणारा, या दोघांनी जागेवर उभे राहून एकमेकांना सांगायच्या गोष्टींची ती नोंद आहे: कोणती लाइन बंद केली, कुठे कुलूप लावले, काय उरले आहे, कोण बाजूला काम करतो आहे. टेबलावर बसून सही केली की हे बोलणेच होत नाही.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर १६७ माणसे मेली. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि जागी नुसती चकती बसवली होती. काम संध्याकाळपर्यंत संपले नाही. परमिट नियंत्रण कक्षात राहिले, पण रात्रपाळीला तोंडी कोणी सांगितले नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा ऑपरेटरने हा पंप चालू करायला घेतला आणि त्या चकतीतून वायू सुटून स्फोट झाला. कागद होता, निरोप नव्हता.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरतो. सही मशीनजवळ उभे राहून व्हावी. शिफ्ट बदलली की परमिट संपले असे धरून नवीन काढावे, किंवा दोन्ही पाळ्यांच्या पर्यवेक्षकांनी एकत्र जागेवर जाऊन ते पुढे चालू करावे. आणि अर्धवट राहिलेल्या कामाचा टॅग यंत्रावरच लटकलेला असावा, कार्यालयातल्या फाइलमध्ये नव्हे.

सॉल्व्हंट ओतताना आपोआप आग कशी लागते? जवळ ठिणगी नव्हतीच.

ठिणगी होती, दिसली नाही. टोल्यूइनसारखे द्रव पाइपातून वाहताना किंवा पिंपात उंचावरून पडताना स्थिर विद्युतभार जमतो. त्याची ठिणगी वाफ पेटवायला भरपूर असते. टोल्यूइनचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते तो) सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, ॲसिटोनचा उणे २० च्या आसपास. गोव्यात डिसेंबरच्या पहाटेसुद्धा इतकी थंडी पडत नाही, त्यामुळे ही द्रव्ये इथे बारा महिने पेटण्याच्या तयारीतच असतात. उपाय स्वस्त आहे. ओतायच्या आणि भरायच्या दोन्ही पिंपांना वायरने एकमेकांशी आणि मग अर्थिंगशी जोडा. क्लिप रंगावर लावू नका, खरवडून उघड्या धातूवर लावा. नळी तळापर्यंत न्या, म्हणजे द्रव उंचावरून पडणार नाही. प्लास्टिकच्या बादलीतून सॉल्व्हंट ओतणे पूर्ण बंद करा, प्लास्टिकला अर्थिंग करता येत नाही. सिंथेटिक शर्टाऐवजी सुती कपडे घाला.

वीज गेली तर रिॲक्टरचे काय होते?

काही अभिक्रिया उष्णता सोडतात. ढवळणी आणि थंड पाणी चालू असेपर्यंत ती उष्णता निघून जाते. वीज गेली, दोन्ही थांबले, आणि तापमान वाढले की अभिक्रिया आणखी वेगाने होते, आणखी उष्णता सुटते. दहा अंश वाढले की वेग साधारण दुप्पट, हा ढोबळ हिशेब. थंड करण्याची ताकद मात्र तितकीच राहते. मोठ्या रिॲक्टरमध्ये हे अधिक बिकट, कारण आकार वाढला की आतला माल ज्या प्रमाणात वाढतो त्या प्रमाणात भिंतीचे क्षेत्रफळ वाढत नाही. प्रयोगशाळेत शांत वागलेली बॅच म्हणूनच प्लांटमध्ये उसळते.

आमच्या वीजपुरवठ्याचे पावसाळ्यातले हाल सगळ्यांना ठाऊक आहेत. जनरेटर आहे एवढ्यावर थांबू नका. तो सुरू व्हायला किती सेकंद लागतात आणि त्यावर चिलरचा पंप जोडला आहे की फक्त कार्यालयाचे दिवे, ते बघा. भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले तेव्हा शीतकरण यंत्रणा आधीच बंद केलेली होती, फ्लेअरचा (सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या यंत्रणेचा) पाइप जोडलेला नव्हता आणि स्क्रबरने (वायू धुऊन निष्प्रभ करणाऱ्या यंत्रणेने) वायू अडला नाही. एकामागे एक ठेवलेल्या सगळ्या भिंती एकाच वेळी पडलेल्या होत्या.

चवथीच्या सुट्टीनंतर प्लांट सुरू करताना वेगळी काळजी लागते का?

लागते, आणि गोव्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. चवथीला निम्मा कारखाना गावी जातो. आधीचे दोन दिवस घाईचे, नंतरचे दोन दिवस अपुऱ्या माणसांचे. प्लांट थांबवणे आणि पुन्हा सुरू करणे हेच त्याच्या आयुष्यातले सगळ्यांत नाजूक तास. पाइपात काय साचले, कोणता व्हॉल्व्ह उघडा राहिला, कोणता ब्लाइंड काढायचा राहिला, हे माहीत असणारा माणूस अजून मडगाव स्टेशनवर उतरायचा असतो.

७ मे २०२० ची विशाखापट्टणमची घटना आठवावी. टाळेबंदीत कारखाना बंद, टाकीत स्टायरीन तसेच पडून. तापमान वाढत गेले, पॉलिमरीकरण (रेणू एकमेकांना जोडले जाऊन उष्णता सुटणे) रोखणारे रसायन संपत आले, टाकी तापली आणि वाफ झोपलेल्या वस्तीत गेली. बारा माणसे गेली. बंद कारखाना म्हणजे सुरक्षित कारखाना नव्हे. सुट्टीतसुद्धा दर पाळीला टाकीचे तापमान वहीत लिहिणारा माणूस हवा आणि आकडा वाढला तर कोणाला उठवायचे, हे त्याला माहीत हवे.

पावसाळ्याचा आणि खाऱ्या हवेचा प्रक्रियेशी काय संबंध?

समुद्राजवळच्या वसाहतींत इन्सुलेशनखालचा पाइप गुपचूप गंजतो. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा चकाचक, आत पाणी शिरून पाइप कागदासारखा. अमोनियाच्या थंड पाइपांवर हे विशेष होते. दर पावसाळ्यानंतर निवडक ठिकाणी इन्सुलेशन उघडून जाडी मोजा. पाण्याशी भडकणारी रसायने गळक्या छताखाली ठेवू नका. आणि जून उजाडण्यापूर्वी तडितवाहकाची (लाइटनिंग अरेस्टरची) व अर्थिंगच्या खड्ड्यांची चाचणी उरका.

सध्या कोणता कायदा लागू आहे? कारखाने कायदा गेला असे ऐकले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली. कारखाने कायदा १९४८ सह तेरा कायदे तिच्यात सामावले. संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम, नवे येईपर्यंत चालू राहतात. निरीक्षकाचे नाव आता निरीक्षक-नि-सुविधाकार असे झाले आहे.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले. धोक्याची माहिती देणे, कामगारांची वैद्यकीय नोंद ठेवणे, सुरक्षा समितीत कामगारांना जागा देणे, हे सगळे तिथून आले. आपल्या देशात ही कलमे हजारो लोकांच्या मृत्यूनंतर लिहिली गेली, हे वाचताना मनात असू द्यावे.

याशिवाय पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियम वेगळे आहेत. कामगार संहितेने त्यांना हात लावलेला नाही. त्यांत रसायनागणिक टनांची मर्यादा आहे. उदाहरणार्थ क्लोरीनसाठी १० टन ही खालची आणि २५ टन ही वरची. मर्यादेच्या वर साठा गेला की जबाबदाऱ्या वाढतात: सुरक्षा अहवाल, कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडा, दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदाही लागतो.

सेफ्टी ऑफिसर नेमणे आम्हाला बंधनकारक आहे का?

संहितेप्रमाणे ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० पासून. गोव्यातले बहुतेक कारखाने या आकड्याखाली येतात. म्हणजे कायदा सक्ती करत नाही तिथेच धोका उरतो, कारण अमोनिया माणसे मोजून गळत नाही. संख्या कमी असली तरी एका माणसाकडे ही जबाबदारी लेखी द्या आणि काम थांबवण्याचा अधिकारही त्यालाच द्या.

कंत्राटदाराचा माणूस जखमी झाला तर जबाबदार कोण?

जागा ज्याची, धोका ज्याचा, जबाबदारी त्याची. कायद्याच्या भाषेत भोगवटादार, कंपनी असेल तर तिचा संचालक. ‘तो आमचा माणूस नाही’ हे वाक्य कोणत्याही पंचनाम्यात टिकत नाही आणि टिकूही नये. टाकी साफ करायला, वेल्डिंगला, रंगकामाला पाठवतात ती माणसे बहुधा कंत्राटाची असतात. कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहारमधून आलेली, कालच रुजू झालेली. त्यांना सुरक्षेचा वर्ग मराठीत किंवा इंग्रजीत देऊन सही घेतली जाते. कन्नड किंवा ओडिया बोलणाऱ्या जुन्या कामगारालाच शेजारी बसवा आणि शेवटी नव्या माणसाकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घ्या: भोंगा वाजला तर कुठे जमायचे? त्याला सांगता आले नाही, तर तो वर्ग झालाच नाही.

काम धोक्याचे वाटले तर मी नाही म्हणू शकतो का?

गंभीर इजा किंवा मृत्यूचा तातडीचा धोका वाटत असेल तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क संहितेने दिला आहे, आणि मालकाने लगेच उपाय करायचा आहे. धोक्याची माहिती मागण्याचाही हक्क आहे. कंत्राटी माणसाला हे बोलणे किती कठीण असते, याची मला कल्पना आहे. उद्याची हजेरी जाते. म्हणून एकट्याने न बोलता दोघा-तिघांनी मिळून बोला, फोनवर लेखी संदेश ठेवा. पर्यवेक्षकांना माझे कळकळीचे सांगणे: काम थांबवणाऱ्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या, त्याची शंका चुकीची निघाली तरी.

तक्रार कुठे करायची?

कारखाने आणि बॉयलर: पणजीत आल्तिनोवरचे कारखाने व बाष्पके निरीक्षणालय. खाण: केंद्राचे खाण सुरक्षा महासंचालनालय. पेट्रोल, गॅस सिलिंडर, स्फोटके: पेसो (केंद्राची पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना). धूर, सांडपाणी: साळगावचे गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ.

आम्ही वसाहतीच्या शेजारी राहतो. आत काय साठवले आहे हे विचारायचा आम्हाला हक्क आहे का?

आहे. १९८९ च्या नियमांतला नियम १५ सांगतो की मोठ्या अपघाताची झळ ज्यांना बसू शकते, त्यांना धोक्याचे स्वरूप आणि अपघात झाल्यास काय करायचे, हे कारखान्याने कळवले पाहिजे. फाटकाबाहेरचा आराखडा वेगळा असतो आणि त्याची तालीम वर्षातून एकदा व्हायला हवी. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट असतो.

ग्रामसभेत ‘कारखाना हटवा’ असा ठराव करण्याआधी चार नेमके प्रश्न लेखी विचारा. कोणती रसायने, जास्तीत जास्त किती? गळती झाली तर भोंगा कसा वाजणार? आम्ही कुठल्या रस्त्याने कुठे जायचे? मागची तालीम कधी झाली? गोव्याच्या लोकांनी या बाबतीत आवाज उठवलेला आहे. केरीच्या नायलॉन प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यात जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला आणि तो प्रकल्प शेवटी राज्याबाहेर गेला. पण आधीच उभ्या असलेल्या कारखान्यांबद्दल दरवर्षी चिवटपणे विचारत राहणे, हे काम अजून फार थोड्या पंचायती करतात.

वायू सुटल्याचे कळले तर घरच्यांनी काय करायचे?

आधी वारा बघा. वायूच्या दिशेने किंवा वाऱ्यासोबत पळू नका, वाऱ्याला आडवे जा. निघणे शक्य नसेल तर घरात थांबा, दारे-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा, पंखा आणि एसी बंद. तोंडावर ओला कपडा. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड असतो, त्यामुळे त्याची गळती असेल तर सखल शेतात किंवा तळघरात जाऊ नका, वरच्या मजल्यावर जा. अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, नाहीतर ११२. व्हिडिओ काढायला फाटकापाशी गर्दी करू नका, बंबाला वाट मोकळी हवी असते.

अपघातात माणूस गेला तर कुटुंबाला काय मिळते?

ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नाव असेल तर आश्रितांना सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के दरमहा. नसेल तर मालकाकडून एकरकमी भरपाई, जिचा हिशेब मासिक वेतनाच्या निम्म्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणून होतो. नियमभंगामुळे मृत्यू झाल्याचे ठरले तर संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातला निदान निम्मा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. कोऱ्या कागदावर सही करू नका आणि हजेरीपटाची प्रत लगेच मिळवा.

आमचा कारखाना बारा माणसांचा आहे. सुरुवात कुठून करू?

प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक पुरवठादाराकडून मागून घ्या, फुकट मिळते. त्यातल्या चार ओळी (पेटते का, कशाशी जुळत नाही, डोळ्यांत गेले तर काय, सांडले तर काय) मोठ्या अक्षरांत, तुमच्या माणसांच्या भाषेत पिंपाजवळ लावा. ॲसिड आणि ब्लीचिंगची पावडर एकाच मांडणीवर असेल तर आजच वेगळी करा, दोन्ही मिसळली की क्लोरीन सुटतो. मग पैसे जमतील तसा चार वायूंचा मीटर घ्या: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. परवडत नसेल तर वसाहतीतल्या तीन-चार कारखान्यांनी मिळून एक घ्या. मीटर कपाटात कुलपाखाली नको, चार्जिंगवर आणि हाताशी हवा. वापरण्यापूर्वी दरवेळी चाचणी वायू सोडून तो वाजतो का ते बघायचे, आणि कॅलिब्रेशनची तारीख त्याच्यावरच चिकटवून ठेवायची.